पावसाळ्यात खडकांवरचे खेकडे जातात कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही वर्षभर, दर महिन्यातल्या एका रविवारी, वांद्र्याचं बँडस्टँड आणि हाजी अली या दोन ठिकाणी खडकांवरचे खेकडे मोजलेत. जानेवारीत भरपूर मिळाले, मे महिन्यात निम्म्यावर आले, जुलैत वहीत शून्य लागलं आणि ऑक्टोबरात पुन्हा वाढले. त्याच सुमारास हाजी अलीला ‘मेलेले’ खेकडेही बरेच सापडले. आता ‘पावसाळ्यात खेकड्यांची संख्या घटते’ असा निष्कर्ष लिहावा का, आणि घटत असेल तर ते मरतात की खोल पाण्यात जातात, असं तुम्ही विचारलंय.

तो निष्कर्ष इतक्यात लिहू नका. गेली पंचवीस वर्षं मी मुंबईच्या खडकांवर खेकडे बघतोय आणि एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसत आली आहे. ऋतू बदलला की खेकडा आधी जागा बदलतो. तीही फार लांब जाऊन नाही. दोन हात खाली, लहान दगडाखालून मोठ्या दगडाखाली, भेगेच्या तोंडापासून भेगेच्या तळाशी. आपल्या वहीत येतो तो सापडलेल्या खेकड्यांचा आकडा, आणि सापडणं हे ओहोटीवर, वेळेवर, दगडावर आणि पाय घसरण्याच्या भीतीवर अवलंबून असतं. तुमच्या जुलैच्या शून्यात या सगळ्यांचा वाटा आहे. तो वेगळा काढल्याशिवाय खेकड्यांबद्दल काही बोलता येणार नाही.

सुरुवात ओहोटीपासून करू, कारण निम्मा घोळ तिथे आहे. कॉलेज सांभाळून जायचं तर रविवारच मिळतो, हे मला कळतं. पण समुद्र तिथी पाळतो. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला, आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत जास्तच, उधाण असतं. तेव्हा भरती दुपारी बारा-एकला येते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या सुमारास. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. त्यामुळे अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, सगळं उलटं होतं. ओहोटी भर दुपारी लागते आणि भरती सकाळ-संध्याकाळ. अपोलो बंदराच्या मोजमापात (उंची तक्त्यातल्या शून्य पातळीपासून धरलेली) उधाणाची सरासरी ओहोटी पाऊण मीटरपर्यंत उतरते, तर भांगाची ओहोटी १.९ मीटरच्या आसपासच थांबते. भरती उधाणाला सुमारे ४.४ मीटर, भांगाला ३.३.

बँडस्टँडचा कातळ बराचसा सपाट आहे. तिथे उंचीतला एका मीटरचा फरक म्हणजे पाण्याच्या दिशेने कित्येक पावलांचा पट्टा, आणि नेमका तोच पट्टा खेकड्यांनी सगळ्यात भरलेला असतो. तुमचा जानेवारीचा रविवार उधाणात पडला असेल आणि जुलैचा भांगात, तर दोन्ही वेळी तुम्ही बँडस्टँडलाच होतात, पण एकाच किनाऱ्यावर नव्हतात. आजच एक काम करा. मोजणीच्या बाराही तारखा घ्या, पंचांगातून तिथी काढा, भरती-ओहोटीच्या तक्त्यातून त्या दिवशीच्या ओहोटीची उंची काढा आणि प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. मला खात्री आहे की तुमच्या आलेखातल्या काही चढउतारांचं कारण तिथेच मिळेल.

या वेळापत्रकाचा आणखी एक परिणाम आहे. तो मुंबईच्या किनाऱ्याला फार जवळून लागू होतो आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधात मला तो क्वचितच दिसला आहे. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी येते. म्हणजे ज्या दिवसांत पाणी सगळ्यात खाली उतरतं, त्याच दिवसांत भर दुपारी खडक पाण्याखाली असतो. खालच्या पट्ट्याला दुपारचं ऊन लागतच नाही. भांगात मात्र ओहोटी दुपारची, त्यामुळे मधला पट्टा ऐन उन्हात उघडा पडतो. शिवाय भरती ३.३ मीटरपर्यंतच चढत असल्याने त्यावरचा खडक ओळीने तीन-चार दिवस नीट भिजतसुद्धा नाही. आपला दगड काळा बेसाल्ट, तव्यासारखा तापणारा. मे महिन्याच्या भांगात दुपारी एक वाजता बँडस्टँडच्या कातळावर तळवा टेकवून बघा, दहा आकडे मोजेपर्यंत ठेववत नाही. खेकड्याला श्वासासाठी कल्ले ओले लागतात. पाण्याबाहेर तो कल्ल्यांच्या कप्प्यात धरून ठेवलेल्या पाण्यावर वेळ काढतो, तोंडाशी फेसाचे बुडबुडे दिसतात ते त्याचंच. असा कातळ तापला की तो खाली सरकतो किंवा भेगेत आत जातो, आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. तुमचं मे महिन्यातलं ‘निम्म्यावर’ हे असं झालेलं असण्याची शक्यता खूप आहे. त्याच जागी त्याच आठवड्यात रात्री विजेरी घेऊन गेला असतात तर वेगळा आकडा आला असता.

आता कोण कुठे राहतं ते बघू. ‘खडकावरचा खेकडा’ असा एक प्राणी नाही, आणि सगळे मिळून एक आकडा लिहिणं ही तुमच्या वहीतली दुसरी अडचण आहे.

सगळ्यात वर, लाटांचे तुषार उडतात तिथे, ग्रॅप्सस अल्बोलिनिएटस. काळपट हिरवा, पाठीवर पांढऱ्या रेघा, पाय चपटे आणि लांब. मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, मलबार हिलच्या खालच्या कड्यांवर संध्याकाळी शांत उभं राहिलं की हे दिसतात, चमच्यासारख्या टोकांच्या नांग्यांनी शेवाळ खरवडून एकेका घासाने तोंडात टाकत असतात. हा खडकावर ठेवायच्या मोजणीच्या चौकटीत मोजता येत नाही, तुम्ही दहा हातांवर आलात की तो गेलेला असतो. याला लांबून दुर्बिणीने मोजावं लागतं.

त्याच्या थोडा खाली, कालवं चिकटलेल्या पट्ट्यात, मेटोपोग्रॅप्सस. चौकोनी अंगाचा, चपटा, गडद. भेग हे त्याचं घर. पळताना तो तिरका धावतो आणि भेगेत शिरला की पाय दोन्ही बाजूंना असे रोवतो की ओढायला गेलात तर पाय तुटून हातात येईल, खेकडा येणार नाही. म्हणून ओढायचं नाही. तुटलेला पाय पुढच्या एक-दोन काती टाकताना परत येतो, पण तोवर त्याचं अन्न आणि वाढ दोन्ही मार खातं. हाच खेकडा कार्टर रोडच्या कांदळवनाच्या कडेलाही सापडतो, कारण गोडसर पाणी त्याला बऱ्यापैकी सोसतं. हा मुद्दा पावसाळ्याच्या वेळी लागेल.

मधल्या आणि खालच्या पट्ट्यात, दगडांखाली, लेप्टोडियस एक्झारेटस. तुमच्या वहीतले बहुतेक खेकडे हेच असणार. पंख्यासारखी कवचाची कडा, नांग्यांची टोकं काळी, अंगाचा रंग मात्र प्रत्येकाचा वेगळा. राखाडी, तपकिरी, ठिपक्यांचे, कधी अर्धा पांढरा. नवीन विद्यार्थी यांच्या तीन-चार जाती करून मोकळे होतात. दगड उचलला की मेटोपोग्रॅप्सस पळतो आणि हा थिजतो. पाय आखडून खड्यासारखा पडून राहतो. मी एकदा हाजी अलीला एका ताटलीएवढ्या दगडाखाली तीन मोजले, दगड तसाच धरून मिनिटभर थांबलो, आणि ज्यांना मी खडे समजलो होतो त्यातले आणखी चार चालायला लागले. तेव्हापासून दगड उचलल्यावर मिनिटभर थांबणं हा माझा नियम आहे. सूर्य डोक्यावर असेल तर दगडावर आपली सावली धरावी, म्हणजे खालचे जीव भाजत नाहीत.

त्याच दगडांच्या खालच्या अंगाला चिकटलेला, नखाएवढा चपटा पेट्रोलिस्थेस असतो. चिनी मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ म्हणून त्याला पोर्सेलिन खेकडा म्हणतात. नांग्या सोडून चालायच्या पायांच्या तीनच जोड्या दिसल्या की ओळखा, हा खरा खेकडा नाही, शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा नातलग. तोंडाजवळच्या पिसांसारख्या अवयवांनी तो पाण्यातले कण गाळून खातो. म्हणून जिथे पाणी खेळतं राहतं तिथेच तो असतो, गाळ साचलेल्या दगडाखाली कधीच नाही. केसाळ पिलम्नस व्हेस्पर्टिलिओ याच्या उलट. त्याच्या केसांत चिखल अडकतो आणि तो हलला नाही तर मातीचा गोळाच वाटतो. डबक्यांत कॅरिब्डिस, मागचे पाय वल्ह्यासारखे आणि स्वभाव भांडखोर, बोट सांभाळा.

आणि एक लाल-तपकिरी, गुळगुळीत, दिसायला फार देखणा खेकडा खालच्या पट्ट्यात मिळतो, अ‍ॅटरगॅटिस इंटेजेरिमस. तो विषारी आहे आणि शिजवल्याने त्याचं विष जात नाही. खडकावर खेकडे धरणारे हौशी लोक तुमच्याजवळ येऊन विचारतील तेव्हा त्यांना हे जरूर सांगा.

दगडाकडे जरा जास्त वेळ देऊ या. एकाच उंचीवर, एकमेकांपासून हातभर अंतरावरच्या दोन दगडांखाली वेगळं जग असतं. एक दगड कातळावर तिरका टेकलेला, खाली बोटभर पोकळी, तिथे पाणी साचलेलं. त्याखाली लेप्टोडियस, पोर्सेलिन खेकडे, स्पंज, किडे, सगळं नांदत असतं. दुसरा दगड गाळात रुतलेला. तो उचलला की खालची बाजू काळीकुट्ट आणि सडक्या अंड्यासारखा वास. तिथे प्राणवायू नाही, खेकडा राहणार कसा? तुमच्या वहीत ‘दगड क्रमांक अमुक, खेकडे शून्य’ एवढंच असेल, तर तो शून्य खेकड्यांनी दिला की गाळाने, हे कधीच कळणार नाही. हाजी अलीला खाडीसारखा आडोसा आहे, गाळ जास्त बसतो. बँडस्टँडला लाटांचा मारा थेट, दगड धुतले जातात. या दोन ठिकाणच्या आकड्यांची तुलना करायची तर रुतलेले आणि न रुतलेले दगड वेगळे लिहायलाच हवेत. जुहू किंवा अक्साच्या बाजूला काम केलंत तर वाळूही मोजावी लागेल. कोरड्या ऋतूत वाळू किनाऱ्यावर चढते आणि खडकांच्या पायथ्याच्या फटी बुजतात. पावसाळ्याच्या लाटा ती वाळू खेचून नेतात आणि बुजलेले दगड उघडे पडतात. म्हणजे राहण्याची जागाच ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते.

आता मुख्य प्रश्न, पाऊस. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. समुद्राच्या पाण्यात एरवी हजारी ३५ भागांच्या आसपास क्षार असतात. पावसात किनाऱ्याजवळ, विशेषतः माहीमला मिठी नदी मिळते त्या बाजूला आणि नाल्यांच्या तोंडाशी, ते बरेच खाली येतात. अशा वेळी कालव शिंपला मिटून बसतं. नेराइट गोगलगाय झाकण लावून घेते. खेकड्याला मिटायला काही नाही. त्याला अंगातले क्षार सांभाळायला शक्ती खर्चावी लागते, नाहीतर खारं पाणी शोधत सरकावं लागतं. आणि खारं पाणी फार लांब नसतं. गोडं पाणी हलकं, ते डबक्यात वर तरंगतं आणि तळाशी खारं राहतं. दगडाखालच्या पोकळीतलं, भेगेच्या तळाचं पाणीही बराच वेळ खारट राहतं. म्हणून जोराच्या पावसात ओहोटीला लेप्टोडियस नेहमीच्या लहान दगडांखाली नसतो, तो मोठ्या, हलवता न येणाऱ्या दगडांखाली आणि खोल डबक्यांच्या तळाशी असतो. जिथे आपण मोजत नाही तिथे.

दुसरं कारण लाटांचं. जुलैतल्या लाटा ताटलीएवढे दगड रोज उलटेपालटे करतात. त्याखाली राहणं म्हणजे चिरडून मरणं. काही खेकडे मरतातही, हे नाकारत नाही. पण दर वर्षी सगळे मेले असते तर ऑक्टोबरात पूर्ण वाढ झालेले, मोठ्या कवचाचे लेप्टोडियस तुम्हाला दिसलेच नसते. तुमच्या ऑक्टोबरच्या नोंदीत कवचाची रुंदी लिहिली आहे का? असेल तर लगेच बघा. नुसती पिल्लं असतील तर एक गोष्ट, मोठे आणि पिल्लं दोन्ही असतील तर अगदी दुसरी. मोठे परत दिसणं म्हणजे ते कुठेतरी टिकून राहिले होते.

वरच्या पट्ट्यात तर पावसाळा सोयीचा असतो. ढगांनी ऊन नाही, खडक सतत ओला, लाटांचे तुषार एरवीपेक्षा खूप वर उडतात. मेटोपोग्रॅप्सस आणि ग्रॅप्सस या दिवसांत नेहमीपेक्षा वर, कधी संरक्षक भिंतीवरही चढलेले मी पाहिले आहेत. म्हणजे एकाच जुलैत खालचे खेकडे खाली दडतात आणि वरचे वर चढतात. तुमचा एकच एकत्रित आकडा हे दोन्ही पुसून टाकतो.

तिसरं कारण आपण स्वतः. जुलैत तुम्ही खालच्या पट्ट्यात उतरला नसाल, आणि उतरू नयेच. बँडस्टँडवर पावसाळ्यात माणसं वाहून गेली आहेत. शेवाळलेला कातळ, मागून येणारी लाट आणि खाली बघून दगड उचलणारा माणूस, यापेक्षा वाईट मेळ नाही. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे की जिथे गेलो नाही तिथे ‘मोजलं नाही’ लिहायचं, ‘शून्य’ लिहायचं नाही. या दोन्हींत फार फरक आहे. जून-जुलैत फक्त वरचा पट्टा, भिंतीवरून, दुर्बिणीने मोजा. पालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांची यादी जाहीर करते. ती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि त्या दिवशी भरतीच्या वेळी किनाऱ्यावर जाऊ नका.

ऑक्टोबरचे ‘मेलेले’ खेकडे. तुम्ही त्यातला एखादा हातात घेऊन नीट पाहिलात का? मेलेला खेकडा जड असतो, कुजका वास येतो, पाय लोंबतात. कात टाकल्यावर राहिलेलं कवच वजनाला पिसासारखं हलकं असतं, डोळ्यांच्या जागी पारदर्शक टोपणं असतात आणि पाठीमागची कडा, जिथून खेकडा बाहेर निसटला, तिथे पेटीच्या झाकणासारखी उघडते. आत मांस नसतं. पावसाळा ओसरल्यावर पाणी स्थिरावतं, शेवाळ धरायला लागतं, खाणं वाढतं आणि वाढणारे खेकडे कात टाकतात. मला वाटतं तुमचे बरेचसे ‘मेलेले’ हे असेच असावेत. फोटो काढले असतील तर झाकण उघडं आहे का ते बघा. कात टाकलेला खेकडा काही दिवस मऊ असतो आणि त्या काळात तो अजिबात बाहेर येत नाही. म्हणजे कवचं जास्त आणि जिवंत खेकडे कमी दिसले तर तो वाढीचा काळ असू शकतो.

यावरून कोळीवाड्यातली एक समजूत आठवते, तुम्हीही ऐकली असेल. खारदांड्याच्या एका मावशी मला नेहमी सांगायच्या, चिंबोरी घ्यायची ती अमावास्येला, पुनवेला ती पोकळ असते. पोकळ म्हणजे काय, तर कात टाकल्यावर खेकडा पाणी शोषून फुगतो, नवं कवच मोठं होऊन टणक बनतं आणि आत मांस भरायला वेळ लागतो. त्या मधल्या दिवसांत कवच मोठं, वजन कमी. हे तर खरंच आहे. ते चंद्राशी नेमकं जुळतं का, हे तुमच्या खडकावरच्या खेकड्यांवरून ठरवू नका, कारण मावशी खाडीतल्या चिंबोरीबद्दल बोलत होत्या. पण तिथी लिहायची सवय त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. त्यांना समुद्र तिथीवरून कळायचा, घड्याळावरून नाही.

अंड्यांच्या नोंदी तुम्ही केलेल्या नाहीत, त्या यापुढे करा. खेकडा उलटा धरला की पोटाखालची पट्टी दिसते. नराची अरुंद, त्रिकोणी. मादीची रुंद, गोल. मादी अंडी त्या पट्टीखाली सांभाळते. ताजी अंडी बहुतेक केशरी-पिवळट किंवा गडद, जसजशी पिकतात तसा रंग बदलतो आणि शेवटी भिंगातून पिल्लांचे काळे डोळे दिसतात. आपल्यासारख्या उष्ण किनाऱ्यावर कुठली ना कुठली जात वर्षभर अंड्यांवर असते, त्यामुळे प्रश्न ‘अंडी कधी’ असा न ठेवता ‘दर दहा माद्यांत किती माद्यांकडे’ असा ठेवा. अंड्यांतून निघालेली पिल्लं झोइया या पहिल्या अवस्थेत काही आठवडे समुद्रात तरंगत राहतात आणि मग मेगॅलोपा या पुढच्या अवस्थेत खडकाला लागतात. म्हणजे बँडस्टँडच्या मादीची पिल्लं बँडस्टँडलाच परत येतील असं नाही. हाजी अलीला पिल्लं वाढली याचा अर्थ तिथल्या माद्या जास्त व्याल्या असा काढता येत नाही.

आणि ही नवी पिल्लं दगडाखाली शोधू नका. ती शेवाळाच्या गुंत्यात, कालवांच्या रिकाम्या शिंपल्यांत, प्रवाळांच्या नात्यातल्या, बटणांसारख्या झोअँथिडच्या वसाहतींच्या कडेला असतात, डाळीच्या दाण्याएवढी. हातभर शेवाळ उथळ ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यात हलवून बघा, मग ते परत जागेवर ठेवा. पांढरा ट्रे घ्या, पिल्लं पटकन दिसतात.

शंखात राहणाऱ्या खेकड्यांसाठी वेगळा रकाना करा. क्लिबॅनेरियस वंशाचे हे खेकडे कधी डबक्यात मूठमूठभर दिसतात आणि चार पावलांवर एकही नसतो. त्यांची संख्या रिकाम्या शंखांवर ठरते. जिथे लुनेला, नेरिटा अशा गोगलगायी मरतात आणि लाट त्यांचे शंख एका खळग्यात गोळा करते, तिथे हे जमतात. म्हणून किनाऱ्यावरचे शंख घरी नेणाऱ्यांना मी दर वेळी थांबवतो. तो शंख कुणाचं तरी पुढचं घर असतो.

जुन्या नोंदींशी तुलना करायची इच्छा तुम्ही लिहिली आहे. मुंबईच्या समुद्री खेकड्यांवर भा. फ. छापगर यांनी १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केलेलं काम आजही हाताशी ठेवावं असं आहे. ओळख पटवायला ते फार उपयोगी पडतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, त्यानंतर बरीच नावं बदलली. एका नांगीने खुणा करणाऱ्या फिडलर खेकड्यांचा ‘उका’ हा वंश २०१६ मध्येच अनेक वंशांत विभागला गेला. दोन, तेव्हाचा हाजी अली आणि वरळीचा किनारा आज तसा राहिलेला नाही. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीपर्यंतच्या किनारी रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं, त्यासाठी सुमारे १११ हेक्टर भराव पडला आणि पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. वरळी-हाजी अलीच्या खडकांवरचे काही प्रवाळ त्यासाठी उचलून कुलाब्याच्या नेव्हीनगरला हलवले गेले. खेकडे कुणी हलवले नाहीत.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. सपाट कातळ, त्यावरचे सुटे दगड आणि मधली डबकी गेली की लेप्टोडियस आणि पोर्सेलिन खेकड्यांची जागा गेली. भरावाच्या कडेला मोठमोठे दगड रचले की चढणाऱ्या ग्रॅप्सस आणि मेटोपोग्रॅप्सस यांना भरपूर फटी मिळतात, आणि वरवर बघणाऱ्याला वाटतं की खेकडे आहेत की! आहेत, पण दुसरे. म्हणून तुमच्या हाजी अलीच्या मोजणीची नेमकी जागा, जुन्या कातळावर की नव्या दगडांवर, हे प्रत्येक चौकटीपुढे लिहा. तुमचा प्रबंध पुढे कुणाच्या उपयोगी पडला तर तो याच नोंदीमुळे पडेल.

दुसऱ्या वर्षाची मुदत मिळतेय असं तुम्ही म्हणालात, तर रविवार सोडा. दर महिन्याला अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचा पहिला-दुसरा दिवस धरा आणि कायम सकाळचीच ओहोटी घ्या, म्हणजे उंची आणि वेळ दोन्ही सारखी राहील. पाणी सगळ्यात खाली जाण्याआधी तासभर पोहोचा, पाण्यामागोमाग खाली उतरा, आणि ते वळलं की तुम्हीही वळा. एका ठिकाणी तीन पट्टे करा. वरचा कालवांपर्यंत, मधला, आणि खालचा जिथे सरगॅसमसारखं तपकिरी शेवाळ लागतं. प्रत्येक पट्ट्यात अर्ध्या मीटरच्या चौकटीच्या किमान दहा जागा, आणि त्या जागा डोळ्यांनी ‘चांगल्या’ बघून निवडायच्या नाहीत, दोरीवर आधी ठरवलेल्या अंतरावर घ्यायच्या. दगडाचा आकार मूठ, ताटली, परात अशा तीन मापांत लिहिलात तरी चालेल, मला हीच मापं सगळ्यात लवकर लिहिता येतात. खाली पोकळी की गाळ, पाणी आहे की नाही, जात, नर-मादी, कवचाची रुंदी मिलिमीटरमध्ये, अंडी असतील तर रंग. दगड ज्या बाजूने होता त्याच बाजूने परत ठेवा. उलटा ठेवलात तर खालचे स्पंज उन्हाने मरतात, वरचं शेवाळ अंधारात मरतं, आणि पुढच्या महिन्यात तुमच्याच हाताने बिघडलेल्या दगडाखालचे खेकडे तुम्ही मोजत बसाल. मे महिन्यात एक जास्तीची फेरी भांगाच्या रात्री करा, दोघांनी मिळून, एक विजेरी धरायला आणि एक लिहायला.

तोवर तुमच्याकडच्या बारा आकड्यांचं काय? ते फेकू नका. ओहोटीची उंची दीड मीटरच्या वर असलेले दिवस वेगळे काढा, उरलेल्यांतून फक्त वरचा आणि मधला पट्टा घ्या, जुलैचा खालचा रकाना ‘मोजलं नाही’ असा दुरुस्त करा, आणि शक्य असेल तिथे फोटोंवरून मेटोपोग्रॅप्सस आणि लेप्टोडियस वेगळे करा. हे करून झालं की आलेख पुन्हा काढा आणि ऑक्टोबरच्या कवचांचे फोटो मला पाठवा, पाठीमागची कडा दिसेल असे.